पानाच्या शेवटच्या चार मात्रा

भाई, तुमचा टॅब सध्या माझ्याकडे आहे. जियारतीची दुआ झाल्यावर ताहेरानं मला आतल्या खोलीत बोलावून तो हातात दिला. कव्हरला कपड्यांचे दोन चिमटे तसेच लावलेले होते. "शैलाताई, आमाला यातलं काय कळत नाय. अब्बांची गाणी हायत यात. तुमच्याकडं राहू दे," म्हणाली. तुमची लेक तुमच्यासारखीच, एवढं बोलून चहा टाकायला निघून गेली. मी टॅब पिशवीत घातला, घरी आणला आणि दहा दिवस चार्जिंगला लावला नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आपल्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. कुणी तुम्हाला अकॉर्डियनचा बादशाह केलं, कुणी नुसतेच हात जोडलेले पाठवले. ज्या निवेदकानं दर कार्यक्रमात तुमचं नाव चुकीचं घेतलं, त्यानंही लांबलचक लिहिलं, त्यातही चुकीचंच. मी काहीच लिहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, शैला फार खचली आहे. खचले होतेच. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची दीड वर्ष राहिली होती आणि ती सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल चार बरे शब्द लिहायला माझा हात उचलेना.

तर आधी ती सांगते. तुमच्या खुणा अ‍ॅपनं उडवल्या नव्हत्या, भाई. मी उडवल्या होत्या.

तालमीत मी अडखळले की तुम्ही म्हणायचात, "मधनंच नको, सुरुवातीपासनं घे." मग सुरुवातीपासून घेते.

तुर्भ्याच्या त्या तालमीच्या गाळ्यात मी पहिल्यांदा आले तेव्हा खाली ट्रक रिव्हर्स घेत होता आणि तुम्ही त्याच्या टीं-टींच्या पट्टीत अकॉर्डियन वाजवून सगळ्यांना हसवत होतात. मी शाळेतली संगीत शिक्षिका, हातात व्हायोलिन. तुम्ही माझ्यापुढं सतरा नंबरचा कागद ठेवला. आपल्याकडे गाण्यांना नावं नव्हतीच, तुमच्या फायलीतले नंबर होते. मी वाजवलं. तुम्ही विचारलं, "सूर कुणी शिकवले?" मी सरांचं नाव सांगितलं. "आणि घाई कुणी शिकवली?"

मला राग आला. तोंड आवरणं तेव्हाही जमत नव्हतं. मी म्हटलं, माझे वडील साताऱ्याहून येऊन मार्केटात माथाडी झाले, आमच्या घरात सगळेच भराभर चालतात, डोक्यावर पोतं असलं की थांबता येत नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "तुझ्या डोक्यावर पोतं नाय गो. हातात व्हायोलिन हाय." बाकीचे हसले. मी घरी जाऊन हे वडिलांना सांगितलं, तर तेही हसले आणि म्हणाले, त्या माणसाला सोडू नको.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं आणि चौदा वर्षं चाललं. सतरा नंबरच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक बार आहे, चार मात्रांचा. त्यात सगळे थांबतात आणि एकटं अकॉर्डियन वाजतं. पान उलटलं की पहिलीच ओळ माझी. मी त्या चार मात्रा कधी पुऱ्या होऊच दिल्या नाहीत. तिसऱ्या मात्रेला माझा हात पान उलटायला जायचा, पान उलटलं की नजर पुढच्या ओळीवर पडायची आणि नजर पडली की व्हायोलिनचा बो चालू व्हायचा. तुमचा सूर अर्धा भात्यातच असायचा तोवर मी हजर. "माझ्या चार मात्रा मला पुऱ्या दे गो," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायची, तुम्ही लांबवता. तुम्ही मेट्रोनोम लावून दाखवायचात. मी म्हणायची, मेट्रोनोम बिघडलाय. नितीन कीबोर्डवर डोकं ठेवून हसत राहायचा.

मला पानाची भीती वाटायची, भाई. हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. पुढच्या पानावर काय आहे हे डोळ्यांना दिसेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसायचं. पाठ असलं तरी नसायचं.

खांदेश्वरला तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा कार्यक्रम आठवतो? वारा असा सुटला की कागदांना लावलेल्या चिमट्यांनी हात टेकले आणि नऊ नंबरचं मधलं पान कठड्यावरून खाली गेलं. तुम्ही डोळे मिटून पुढचं सगळं वाजवलंत. गाणं संपताना वॉचमन धापा टाकत पान घेऊन वर आला आणि लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात तुमच्या मोतीबिंदूचं निघालं आणि ताहेरानं तुम्हाला टॅब आणून दिला. अक्षर बोटांनी मोठं करता येतं म्हटल्यावर तुम्ही हरखलात. गाळ्यातल्या सगळ्या फायली तुम्ही स्वतः स्कॅन केल्यात, एकशे चौदा गाणी. उभी हयात महाप्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळलेला माणूस, प्रत्येक पान सरळ, प्रत्येक नंबर जागच्या जागी. चिमटे मात्र सोडले नाहीत. टॅबला चिमटे कशाला, असं विचारलं तर म्हणायचात, "सवय हाय. राहू दे."

त्या टॅबवर निळं अ‍ॅप होतं आणि त्यात तुम्ही सहा वर्षं खुणा केल्यात. भाता कुठं उघडायचा, कुठं मिटायचा, याचे लाल बाण. हिरव्या अक्षरात आम्हा लोकांच्या खोडी: गायक इथं उशिरा येतो, ढोलक इथं झोपतो. मधेच कुठं "खारघर, लाईट गेली, तरी वाजवलं." आणि एक्केचाळीस नंबरच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, "सलमा आली होती. पुढच्या रांगेत." सलमाभाभी त्यानंतर कुठल्या कार्यक्रमाला येऊ शकल्या नाहीत. ती ओळ मी एकदा तुमच्या खांद्यावरून वाचली होती आणि वाचलीच नाही असं दाखवलं होतं.

मग नितीननं केशरी अ‍ॅप आणलं. हा आमचा महाप्याच्या आयटी पार्कातला इंजिनिअर, त्याला दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी लागतंच. पण या वेळी त्याचं बरोबर होतं. निळ्या अ‍ॅपचे अपडेट बंद झाले होते, ते मधेच गोठायचं. केशरीत सगळ्यांचे टॅब एकमेकांना जोडता यायचे. एकानं लीडर व्हायचं, त्यानं पायाखालचं पेडल दाबलं की सातही टॅबवर एकदम पान उलटायचं. माझी तर लॉटरीच लागली. तुम्ही मात्र हटून बसलात.

"माझं पान दुसऱ्यानं उलटायचं?"

"भाई, मग तुमीच व्हा ना लीडर. टेन्शन काय?" नितीन म्हणाला.

"तसं नाय रे. पान ज्याचं त्यानं उलटायचं असतं. कळतं त्याला, कवा ते."

"शैलाताईला नाय कळत," नितीन म्हणाला. मी त्याला पेन्सिल फेकून मारली. तुम्ही ती उचलून मला परत दिलीत आणि म्हणालात, बघू पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यापर्यंत मला दम कुठला. खारघरचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता, सहाजण केशरीवर गेले होते आणि तुम्ही एकटे निळ्यावर अडून. त्या रविवारी तालमीत तुम्ही असरच्या नमाजाला मशिदीत गेलात. टॅब स्टँडवर, उघडा. तुम्हाला जायला-यायला वीस मिनिटं लागतात हे मला माहीत होतं. मी म्हटलं, भाई येईपर्यंत सगळी गाणी केशरीत नेऊन ठेवते, येऊन बघतील, एकदा कुरकुर करतील आणि विषय संपेल.

गाणी बाहेर काढताना अ‍ॅपनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं: खुणांसकट न्यायची की खुणांशिवाय? खुणांसकट म्हटलं तर चाळीस मिनिटं दाखवत होतं. खुणांशिवाय, चार. मी चार मिनिटं निवडली. मला खरंच वाटलं की खुणा निळ्यात राहतीलच, नंतर कधीतरी आणता येतील. मग केशरी म्हणालं, जागा कमी आहे. त्याच घाईत मी निळं अ‍ॅप काढून टाकलं. एक बोट, एक होकार. ढोलकवाला खाली वडापाव आणायला गेला होता, तो परत यायच्या आत तुमची सहा वर्षं गेली होती.

तुम्ही आलात, टोपी खिशात घातलीत, चष्मा लावलात. एक पान बघितलंत, दुसरं बघितलंत. मग शांतपणे म्हणालात, "अगदी स्वच्छ केलंस गो."

आणि मी खोटं बोलले. "मी फक्त गाणी हलवली, भाई. खुणा अ‍ॅपनं उडवल्या वाटतं. ही अ‍ॅपं अशीच असतात मेली." पेटीतून बो काढण्याच्या निमित्तानं मी खाली वाकले होते. तुम्ही "हं" म्हणालात. पट्टे खांद्यावर चढवलेत आणि त्या दिवशीची सगळी तालीम टॅबकडे न बघता वाजवलीत. एक्केचाळीस नंबरही वाजवलात. मी ती तालीम कशी वाजवली मला आठवत नाही.

तुम्ही ओरडला असतात तर मी बोलून टाकलं असतं. मी भांडणारी बाई आहे, भांडणात माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं. तुम्ही भांडलाच नाहीत. उलट लीडर व्हायला तयार झालात. पेडल पायाखाली घेतलंत आणि पहिल्याच तालमीत सगळ्यांना फर्मान काढलंत: "पानाचा शेवटचा बार प्रत्येकानं पाठ करायचा. मी पान आधी उलटनार."

नितीन कुरकुरला. "भाई, पान लवकर जातं. शेवटचा बार दिसतच नाय."

"म्हणून तर पाठ कर म्हणतो."

मला वाटलं, जुन्या माणसाची जुनी शिस्त. आणि काय सांगू, त्या दिवसापासून माझी घाई गेली! पान बरोबर हवं तेव्हा समोर यायचं. सतरा नंबरला तुमच्या चार मात्रा चालू असताना माझी ओळ मला दिसत असायची, मी निवांत श्वास घ्यायची आणि बरोबर पाचवीला यायची. मी तुम्हाला ऐकवलंसुद्धा. एकदा नाही, दहादा. "बघा भाई, उगाच अडून बसला होतात. नवं अ‍ॅप कसं वेळेवर पान उलटतं! आता मी धावते का?" तुम्ही भात्याचं बटण लावत म्हणायचात, "अ‍ॅप चांगलं हाय."

दीड वर्ष हे असंच चाललं. दर रविवारी मी ठरवायची, आज सांगते. तुम्ही डब्यातून तांदळाच्या घावन्या काढून पहिली मला द्यायचात, की मी ती खाऊन टाकायची. खाल्लेल्या घावनीवर कबुली कशी द्यायची? मग म्हणायची, पुढच्या रविवारी. सगळ्या गोष्टी घाईनं करणाऱ्या बाईनं एवढी एकच गोष्ट लांबवली, आणि तुम्ही मंगळवारी सकाळी गेलात.

परवा सकाळी मी टॅब चार्जिंगला लावला. केशरी अ‍ॅप उघडलं. मनाची तयारी केली होती की पांढरी पानं दिसतील, तेवढी माझी शिक्षा. पानं पांढरी नव्हती. तुम्ही पहिल्या नंबरापासून सगळं परत लिहायला घेतलं होतं. लाल बाण, हिरव्या खोडी. अक्षर पूर्वीपेक्षा थरथरलेलं, काही बाण पुसून पुन्हा काढलेले. सत्तरच्या पुढच्या गाण्यांपर्यंत तुम्ही पोचलाच नव्हतात. पण आणखी एक खूण होती, आणि ती एकशे चौदाही गाण्यांत होती. आधी तीच करून घेतली असणार तुम्ही. प्रत्येक पानाच्या शेवटच्या बारच्या अलीकडे एक लाल उभी रेघ, आणि तिच्यावर बारीक अक्षरात: "शै."

शै. म्हणजे मी. इथं पान उलटायचं, शैलासाठी. तुमच्या बाणांच्या आधी, तुमच्या स्वतःच्या वाजवण्याच्या आधी तुम्ही माझी भीती लिहून काढली होतीत. सहाजणांना दीड वर्ष शेवटचा बार पाठ करायला लावलात, नितीनची कुरकुर ऐकून घेतलीत, आणि कौतुक अ‍ॅपला जाऊ दिलंत. भाई, मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि ओट्याला धरून रडले.

एक्केचाळीस नंबर मी सगळ्यात शेवटी उघडला. लाल रेघ होती, बाण होते. वरचा कोपरा कोरा होता. तिथं तुम्ही काही लिहिलं नव्हतं. का, ते मला कधीच कळणार नाही, आणि ते मला माझ्याजवळ ठेवावं लागेल.

आज रविवार. आज तालीम झाली. खांदेश्वरचा ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम आहे, तो तुम्हीच ठरवलेला, म्हणून रद्द करायचा नाही असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ताहेरा मुद्दाम आली, मागच्या खुर्चीवर बसली. टॅब जोडायला गेलो तर सहाही टॅबवर एकच ओळ: लीडर उपलब्ध नाही. खाली बटण होतं, लीडर बदला. कुणीच हात लावेना. खाली ट्रक रिव्हर्स घेत होता. शेवटी नितीन म्हणाला, "शैलाताई, अब्बांचा टॅब तुमच्याकडे आहे. तुमी लावा ना तो. पेडल तुमी घ्या." ताहेराचं ऐकून तोही हल्ली तुम्हाला अब्बाच म्हणतो.

मी म्हटलं, माझी लायकी नाही. आणि मग तिथंच, उभ्यानं, सांगून टाकलं. चार मिनिटं, चाळीस मिनिटं, निळं अ‍ॅप, खोटं, सगळं. सांगताना ताहेराकडे बघायची हिंमत झाली नाही.

नितीन खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं. खुणा आपोआप उडत नाहीत. अब्बांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं त्यांना."

"अब्बा घरी येऊन हसलेले," ताहेरा म्हणाली. "आधी लय वेळ गप बसले, मग हसले. म्हनाले, तिला वाटतंय मला ठाऊक नाय. वाटू दे. लय घाई करते बिचारी, कवातरी सावकाश सांगेल."

म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. दर रविवारी पहिली घावनी देऊन वाट बघत होतात. भाई, चुकलं माझं. मला माफ करा. हे मी गाळ्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं आणि इथं पुन्हा लिहिते आहे. उशीर झाला, फार उशीर झाला, पण पुरं सांगितलं.

मग तुमचा टॅब मी तुमच्याच स्टँडवर लावला, चिमट्यांसकट. पेडल पायाखाली घेतलं. स्टँडच्या एका बाजूला व्हायोलिन घेऊन मी, दुसऱ्या बाजूला तुमची रिकामी खुर्ची. सतरा नंबर. नितीननं विचारलं, "तो अकॉर्डियनचा बार मी कीबोर्डवर भरू का?" मी म्हटलं, आज नको.

पहिलं पान नीट गेलं. तुमची लाल रेघ आली. मी तिच्यावर पेडल दाबलं, सातही टॅबवर एकदम पान उलटलं आणि माझी ओळ समोर आली. सगळ्यांनी हात उचलून घेतले. ढोलक थांबलं. खालचा ट्रकही कधी गेला होता कोण जाणे. बो तारेवर टेकवलेला होता, ओळ दिसत होती, हात शिवशिवत होता. एक. दोन. तीन. तिसरीला माझा हात नेहमी सुटायचा, तो मी धरून ठेवला. चार.

तुमच्या चार मात्रा तुम्हाला पुऱ्या दिल्या, भाई. मग मी सुरू केलं.